दुधातली साखर

धाकटीला शाळेत असताना विज्ञानाचा असा धसका होता की प्रयोगशाळेवरून जायचं झालं तर ती नाक दाबून, नजर खाली घालून पळत सुटायची. चार बहिणींत शेवटची म्हणून घरात धाकटी, आणि पुढे सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात लागली तेव्हा तिथेही धाकटीच. शिवणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आम्ल म्हणजे काय, असं कोणी विचारलं असतं तर तिने कोपरापासून हात जोडले असते. शास्त्राचा पेपर काठावर निघाला आणि त्याच संध्याकाळी तिने ती पुस्तकं रद्दीत घातली.

अशा बाईने तिशी उलटल्यावर पोषणशास्त्राचं उशीएवढं जाड पुस्तक मांडीवर घेतलं, त्याला कारण मनी.

मनी तिची पहिली मुलगी. नाव ठेवायचं राहूनच गेलं. मांजरीच्या पिलासारखी बारीक रडायची, म्हणून बापाने मनी म्हटलं, तेवढंच. पहिले एकदोन दिवस छान प्यायली. मग ओकायला लागली, पिवळी पडली, अंग टाकून पडून राहायला लागली. दवाखान्यात नेलं. रक्तात जंतू निघाले. सुया झाल्या, औषधं झाली, काही करायचं बाकी ठेवलं नाही, आणि दोन आठवडेही पुरे व्हायच्या आत मनी गेली.

लोक भेटायला आले. अशा वेळी आलेल्याला काहीतरी बोलावं लागतं. नणंद तोंडाची फटकळ, मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. ती धाकटीला नव्हे, आपल्या भावाला म्हणाली. फक्त आवाज असा की दोन खोल्यांच्या घरात ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता.

"मी तर पहिल्या दिवशीच बघितलं होतं. हिचं दूधच पातळ. निव्वळ पाणी. लेकरू धरणार कशावर?"

धाकटी आत आडवी होती. दूध अजून येतच होतं. कपडे भिजत होते. मनी गेली हे शरीराला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

नणंद चहा पिऊन गेली, शब्द मागे ठेवून गेली. पातळ. कुसळ रुतावं तसा तो रुतला. कारखान्यात कापड कापणाऱ्या एक मावशी होत्या, धाकटीने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "असतं गं एकेकीचं." स्वतःच्या आईला विचारलं. आई म्हणाली, "तुझं काहीएक कमी नव्हतं." पण आई तसंच म्हणणार. आईची साक्ष कोण धरतो?

मग एका सुट्टीच्या दिवशी ती गावातल्या ग्रंथालयात गेली आणि टेबलामागच्या बाईंना म्हणाली, "आईच्या दुधात काय काय असतं, ते कुठल्या पुस्तकात मिळेल?"

बाईंनी कशाला म्हणून विचारलं नाही. दोन पुस्तकं काढून दिली. एकाच्या पानापानावर हसरी बाळं होती. ते धाकटीने हळूच परत सरकवलं. दुसरं कॉलेजच्या मुलांचं, जाडजूड, चित्रं कमी. ते तिने घेतलं.

घरी येऊन तिने थेट दुधाचं प्रकरण उघडलं. पहिल्याच ओळीत चार शब्द अडले. पुस्तकाच्या शेवटी अर्थ दिले होते, तिथे गेली, तर एकेका शब्दाचा अर्थ आणखी तीन न कळणाऱ्या शब्दांत. एक कुलूप उघडावं तर आत तीन कुलपं. पुढच्या आठवड्यात ती पुस्तक परत करायला गेली तेव्हा बाई म्हणाल्या, "मधूनच घुसलात का? असं नाही जमायचं. पहिल्या पानापासून या." आणि त्यांनी सोबत शाळेतलं विज्ञानाचं एक पुस्तक दिलं. नेमकं तसलंच, जे तिने रद्दीत घातलं होतं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत धाकटी फोमच्या गुंडाळ्यांवर पाठ टेकून वाचायला लागली. सुरुवातीला नुसती फजिती. कॅलरी म्हणजे अन्नात मिठासारखे काही कण असणार, अशी तिची पक्की समजूत. ते कण पुस्तकात कुठेच सापडेनात, म्हणून ती वैतागली. शेवटी नवऱ्याला विचारलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने थोडा विचार केला.

"लिफ्ट वर न्यायला वीज लागते ना?"

"लागते."

"मग लिफ्ट उघडून बघितलीस तर आत वीज ठेवलेली दिसेल का?"

"नाही."

"तसंच असेल. ती वस्तू नव्हे. किती जोर मिळेल, त्याचं माप."

मनी गेल्यापासून दोघं एकमेकांशी एवढं सलग बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

प्रथिनं आम्लांची बनलेली असतात हे वाचलं तेव्हा तिने धसक्याने दोन दिवस अंडं खाल्लं नाही. शाळेत आम्लाने एका मुलीचा हात भाजला होता, ते डोक्यात होतं. पुढे कळलं, तेव्हा स्वतःशीच हसली. मावशी तिला प्रोफेसरीणबाई म्हणायला लागल्या. डबा उघडून पुढे करायच्या.

"सांगा प्रोफेसरीणबाई, आज काय आहे?"

"पिष्ट."

"अगं, सरळ शिव्या दे ना मग!"

घरी नवऱ्याचीही तीच गत. बटाट्याची भाजी वाढता वाढता धाकटी सांगायला लागली की तो म्हणायचा, "भाजी वाढ बाई, भाषण नको." पण ऐकायचा. कधी कधी स्वतःहून विचारायचा की मग साखर रक्तात जाते कशी.

विकर, म्हणजे एन्झाइम, हा शब्द मात्र तिला कोणाला विचारावा लागला नाही. एकेक विकर एकेकच काम करतं. कोणी जोडतं, कोणी तोडतं. कारखान्यात तेच तर चालायचं. दुधातली साखर म्हणजे दोन साखरा एकमेकींना शिवलेल्या. पोटातलं एक विकर तो टाका उसवतं आणि दोघी सुट्या होतात. हे वाचून तिने मावशींना आपली टाके काढायची बारीक कात्री दाखवली. "मावशी, ही प्रत्येकाच्या पोटात असते." मावशींनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

असे कितीतरी महिने गेले. एका दुपारी ती पुन्हा दुधाच्या प्रकरणाशी आली आणि या वेळी एकही शब्द अडला नाही. आईचं दूध सुरुवातीला पातळ येतं, मागून दाट येतं, सगळ्यांचंच. निळसर, पाण्यासारखं दिसणं हा दोष नव्हे. आई जरा कमी खात असली तरी दुधाचा कस सहसा उतरत नाही, शरीर स्वतःतलं काढून देतं. तिने ते पान तीनदा वाचलं. त्या दिवशी कारखाना सुटल्यावर ती चालत नव्हती, धावत होती.

नवरा मोरीत हाताचं ग्रीस धूत होता.

"अरे, माझं दूध पातळ नव्हतं!"

तो साबणाच्या हातांनी तसाच वळला. "मी कधी म्हटलं होतं?"

"तू नव्हतं म्हटलंस. पण ताई म्हणाल्या तेव्हा तू गप्प बसलास."

त्याने मान खाली घातली. मग हात पुसले, पुस्तक घेतलं आणि तिच्यासमोर बहिणीला फोन लावला. ते आख्खं पान त्याने अडखळत, ठेचकाळत वाचून दाखवलं. पलीकडून नणंद आधी म्हणाली, "काय वाचतोयस, बरा आहेस ना?" आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, "बरं. चुकलं माझं. तिला सांग."

फोन ठेवून तो म्हणाला, "झालं ना काम? आता देऊन टाक पुस्तक."

"थोडीच पानं राहिलीत," धाकटी म्हणाली. काम अर्ध्यावर सोडायची तिला सवय नव्हती.

राहिलेल्या पानांत एक छोटं प्रकरण होतं, जन्मतःच विकरं नसणाऱ्या बाळांचं. जेवणाच्या सुट्टीत ती निवांत वाचत होती. दुधातल्या दोन साखरा सुट्या झाल्या की त्यातली एक थेट वापरता येते, दुसरी, तिचं नाव गॅलॅक्टोज, आधी बदलून घ्यावी लागते. ते काम करणारं विकर हजारो बाळांत एखाद्याला जन्मापासून नसतं. मग ती साखर अंगात साठते आणि विषासारखी चढते. आईच्या दुधातही तीच साखर असते. बाळ पहिल्या काही दिवसांतच ओकू लागते, पिवळे पडते, सुस्त होते. अनेकदा रक्तात जंतू होतात आणि तोच आजार आहे असे वाटते. दूध थांबवल्यास बाळ सुधारू लागते. दूध पुन्हा सुरू केल्यास...

तिने पुस्तक मिटलं नाही. तिथेच बोट ठेवून बसून राहिली.

दवाखान्यात मनीचं अंगावरचं दूध बंद केलं होतं. नळीतून ग्लुकोजचं पाणी चाललं होतं. दोन दिवसांनी मनीने डोळे उघडले. पिवळेपणा उतरला. बापाचं बोट धरलं ते सोडेना. नर्स म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, आता द्या अंगावर." धाकटीची आई पलंगाशीच होती, तिने उशी ठेवून दिली, "पाज, पाज, किती आसुसलंय बघ," म्हणाली. आणि मनी प्यायली. हपापून, नाकातून आवाज करत प्यायली. तिघं हसले. नवरा हसता हसता रडला. त्या सगळ्या काळोखात तेवढी एक दुपार उजेडाची होती आणि धाकटीने ती जिवापाड जपली होती. दुसऱ्या दिवसापासून मनी खचत गेली ती गेलीच.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती उठली, मशीनवर बसली, संध्याकाळपर्यंत शिवत राहिली. मावशींनी कव्हर हातात घेतलं आणि बाजूला ठेवलं. सगळं उलट्या बाजूने शिवलेलं होतं.

मनीवर उपचार केलेल्या डॉक्टरीणबाई अजून त्याच दवाखान्यात होत्या. धाकटी पुस्तक घेऊन गेली. बाईंनी पान वाचलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी जुनी फाइल मागवली, बराच वेळ पाहिली.

"असू शकतं," त्या म्हणाल्या. "रक्तात जंतू होते, हे खरं. ते आम्हाला दिसलं, त्यावर आम्ही धावलो. त्याच्या मागे हे असेल अशी शंका मला यायला हवी होती. नाही आली."

"नक्की तेच होतं का?"

"आता सांगता यायचं नाही. तिचं रक्त ठेवलेलं नाही. तुम्हा दोघांचं तपासता येईल. दोघांत तो दोष अर्धा अर्धा असला, तर बहुतेक तेच."

"म्हणजे मी पाजलं म्हणून..."

"तुम्ही आईने करायचं तेच केलंत. आणि मीच सांगितलं होतं पाजायला." बाईंनी चष्मा काढला. धाकटीला त्यांच्यावर रागावता आलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, धरायला काहीतरी मिळालं असतं.

नवऱ्याला तिने चार दिवस सांगितलं नाही. मग सांगितलं. तो ऐकत होता तोवर ठीक होता. ती दवाखान्यातल्या त्या दुपारपर्यंत आली तसा तो उठून उभा राहिला.

"थांब. ते नको."

"अरे, पण..."

"ते नको म्हणतो ना! ती माझं बोट धरून प्यायली. तू हसलीस. माझ्याजवळ तिचं दुसरं काय आहे? एक फोटो नाही धड. तेवढं एक होतं. तेही वाचून संपवलंस?"

"मी मुद्दाम वाचलं का?"

"दूध पातळ नव्हतं ना? कळलं होतं ना? मग थांबायचं होतंस तिथेच!"

तो चपला घालून बाहेर गेला. परत आला, जेवला, पण त्यानंतर कित्येक दिवस घरात कामापुरतं बोलणं उरलं. रक्त तपासायचं तिने दोनदा काढलं, दोनदा तो म्हणाला, "कळून ती परत येणार आहे?" याला उत्तर कुठल्या पुस्तकात असणार? मग एका सकाळी ती कामावर निघाली तर हा दारात उभा. इस्त्रीचा शर्ट घातलेला, दाढी केलेली.

"चल," तो म्हणाला. "देऊन येऊ रक्त."

वाटेत तो एवढंच म्हणाला, "तू एकटीने ओझं घेतलंस तर मी कसला बाप?"

निकाल आला. दोघांच्याही रक्तात ते विकर निम्मंच होतं. त्यांच्या त्यांच्यापुरतं पुरेसं. दोघांकडून निम्मं निम्मं नसणं मनीच्या वाट्याला आलेलं असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढचं मूल होईल तेव्हा आधी सांगा. पहिल्या तासापासून दुधाचा थेंब द्यायचा नाही, सोयाबीनची पावडर द्यायची, रक्ताचा निकाल येईपर्यंत.

पुढचं मूल नको, असं दोघांनीही मनात धरलं होतं. तरी दीडेक वर्षाने मुलगा झाला. ठणठणीत, टाहो फोडणारा.

धाकटीची आई बाळंतपणाला येऊन राहिली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. भरल्या दुपारी मूल रडत होतं, धाकटीच्या कपड्यांवर ओले डाग पसरत होते आणि नवरा ओट्याशी उभा राहून बाटलीत पावडर घोळवत होता.

"अगं, तुला एवढं दूध, आणि त्याला कसली ही भुकटी?" आई म्हणाली. "घे की पदराखाली. काय झालंय तुम्हाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय आई. रक्ताचा निकाल येईपर्यंत दूध नाही द्यायचं. काही बाळांना सोसत नाही."

"आईचं?"

"आईचंही."

आई मुलाला थोपटत होती. थोपटता थोपटता हात थांबला. ती शाळा फारशी शिकलेली नव्हती, पण चार मुली वाढवलेली बाई होती. तिने धाकटीकडे पाहिलं.

"म्हणजे मनीला..."

धाकटीने ओल्या डागांवर पदर ओढून घेतला.

"नाही आई," धाकटी म्हणाली. "मनीला जंतू झाले होते. ते वेगळं."

"मी उशी दिली होती तुला. मी म्हणत होते, पाज, पाज."

"बरोबरच म्हणत होतीस तू."

"खरं सांग गं."

तेव्हा ओट्याकडून नवरा बोलला. पाठ तशीच वळवलेली होती, पण आवाज स्वच्छ. "खरंच आई. डॉक्टरांनीच सांगितलं. तिला जंतूच झाले होते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती पोटभर पिऊन गेली, एवढंच धरा."

आईने मान हलवली. मुलाला धाकटीच्या मांडीवर दिलं, धुतलेली बाटली उचलली आणि मोरीत जाऊन पुन्हा धुवायला बसली. बराच वेळ नळ वाहत होता. तिला पटलं की नाही, ते तिने कधीच सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

निकाल स्वच्छ आला. मुलात विकर पुरेपूर होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. "पाजा," त्या म्हणाल्या. "आजपासूनच पाजा. काही भीती नाही."

धाकटी खिडकीशी बसली. मुलाला मांडीवर घेतलं, बटण काढलं. त्याला वास आला, तोंड उघडून तो शोधायला लागला. दूध कुठून येतं, त्यातला टाका कुठे उसवतो, सुटलेली साखर कुठे जाते, कोणतं विकर तिला बदलतं, आणि ते या मुलाच्या अंगात आहे, पुरेसं आहे, हे सगळं तिला पाठ होतं. तिला जगातलं कोणी अडवत नव्हतं. तरी तिचा हात आपसूक वर आला आणि मुलाच्या तोंडाच्या आणि तिच्या मध्ये आडवा राहिला. तिने तो काढायचा प्रयत्न केला. हात निघाला नाही. मूल तिच्या तळव्यावर तोंड घासत राहिलं, मग चिडून रडायला लागलं.

नवरा दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे. तो आत गेला, बाटली तयार करून आणली, गालाला लावून बघितली आणि तिच्याशेजारी बसला.

"दे इकडे," तो म्हणाला.

तिने मुलाला त्याच्याकडे दिलं. मूल प्यायला लागलं, नाकातून आवाज करत. धाकटी त्याची हनुवटी पुसत बसली. तिचं स्वतःचं दूध कपड्यांतून झिरपत पोटावर ओघळत होतं, तिकडे दोघांपैकी कोणी पाहिलं नाही.

"प्यायला का गं?" बाहेरच्या खोलीतून आईने विचारलं.

"प्यायला," धाकटी म्हणाली.